धीर धरायचा म्हणजे नेमके काय करायचे?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकत्र घेतली आहेत. ती तीन वेगळ्या तालुक्यांतून आली असली, तरी तिघांचेही विचारणे एकच आहे: संकट वर्षानुवर्षे हटत नसेल, तर देवावर भरवसा ठेवायचा म्हणजे काय करायचे? लिहिणाऱ्यांची नावे आणि गावे गाळली आहेत.

प्रश्न : मी श्रीवर्धन तालुक्यातील एका गावात राहते. आमचे नारळ-सुपारीचे वडिलोपार्जित आगर आहे. ३ जून २०२०च्या निसर्ग चक्रीवादळात आमच्या पोफळी जवळजवळ सगळ्या मोडल्या, निम्म्याहून अधिक माड पडले आणि घरावरची कौले उडाली. मिळालेल्या भरपाईत पडलेली झाडे तोडून बाहेर काढण्याची मजुरीसुद्धा भागली नाही. पुढच्या वर्षी कर्ज काढून पुन्हा रोपे लावली. त्यानंतर यजमानांना अर्धांगवायूचा झटका आला आणि त्यांचा उजवा हात अजून उचलत नाही. मुंबईला असलेल्या मुलाची नोकरी गेली, तो घरी परतला, आता त्याचे लग्न जमत नाही. या सगळ्या काळात मी सोळा सोमवार केले, संकष्टी कधी मोडली नाही, ग्रामदेवीला नथ बोलले. ती घडवण्याची आता ऐपत राहिलेली नाही. नात्यातील एक गृहस्थ म्हणतात की कुलदैवताचा कोप आहे आणि त्यासाठी मोठा विधी करावा लागेल. शेजारच्या काकू म्हणतात, ‘देव परीक्षा बघतो, धीर धर.’ धीर तरी किती धरायचा? परवा संध्याकाळी दिवा लावताना मी देवाला नको नको ते बोलले. तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. माझ्यात श्रद्धा उरली आहे की नुसती सवय, तेच मला कळत नाही.

उत्तर : ताई, पत्रातील सर्वांत तातडीची बाब आधी घेतो, कारण तिच्यात पैसा गुंतलेला आहे आणि तो एकदा हातचा गेला की मागाहून आलेल्या शहाणपणाचा उपयोग नसतो. कर्ज काढून तो विधी करू नका. ऋण काढून देवाचे करू नये, असे आपल्याकडची जुनी माणसे सांगत आली आहेत आणि त्यांच्या श्रद्धेत काही उणे होते असे कोणी म्हणणार नाही. ज्या घरात औषधाचा खर्च दर महिन्याला दारात उभा राहतो, त्या घराने औषध थांबवून दक्षिणा द्यावी, अशी अपेक्षा ठेवणारे दैवत माझ्या वाचनात तरी कोठे आलेले नाही.

कोपाच्या गोष्टीविषयी बोलायचे, तर तुमच्याच तालुक्यातील दिवेआगरकडे पाहा. तेथील सुवर्णगणेशाचा मुखवटा १९९७ मध्ये एका वाडीत जमीन खणताना सापडला, मार्च २०१२ मध्ये दरोडेखोरांनी तो पळवून नेला, त्या दरोड्यात मंदिराच्या रखवालदारांचे प्राण गेले, आणि नव्याने घडवलेला मुखवटा देवळात बसायला नोव्हेंबर २०२१ उजाडला. देवाच्याच उंबऱ्यात, देवाचीच राखण करणारी माणसे मारली गेली, तेव्हा कोप कोणाचा आणि कोणावर झाला होता? त्या रखवालदारांनी कोणता नवस चुकवला होता? या प्रश्नांना जो कोणी छातीठोकपणे उत्तर देईल, त्याच्यापासून चार हात दूर राहावे असे मला वाटते. चोरी चोरांनी केली. वादळ अरबी समुद्रात उठले आणि वाटेत आलेल्या प्रत्येकाची वाडी त्याने झोपवली. त्यात नवस फेडणारे होते, नवस चुकवणारे होते, मशिदीत जाणारे होते आणि कोठेच न जाणारेही होते. एखाद्या दैवताचा राग इतका आंधळा असेल, तर त्याची शांती करून तरी काय साधणार?

कर्माच्या फळाची कल्पना मी टाकून देत नाही. परंतु माणसाने स्वतःचे पाऊल जपून टाकावे यासाठी ती आहे. दुसऱ्याचे दुःख मोजून त्याच्या पूर्वजन्माचा निवाडा करण्यासाठी नाही. ‘तुमचे काहीतरी मागचे असेल’ हे वाक्य बोलणाऱ्याला फार स्वस्त पडते आणि ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षे पुरते. ते तुम्ही मनावर घेऊ नये.

शेजारच्या काकूंच्या बोलण्यात मात्र माया आहे, हे लक्षात घ्या. त्यांना दुसरे काही सुचले नाही म्हणून त्या हे बोलल्या असाव्यात. संकटे हवीत असे म्हणणारी माणसे आपल्या परंपरेत आहेत, यात शंका नाही. भागवतात कुंती श्रीकृष्णाला म्हणते की आमच्यावर पुन्हा पुन्हा संकटे येवोत, कारण संकटातच तुझे दर्शन घडते. हे मागणे फार मोठे आहे. पण ते कुंतीने स्वतःसाठी, स्वतःच्या तोंडाने मागितले आणि तेही युद्ध संपल्यावर, पाचही पांडव जिवंत असताना मागितले, ही गोष्ट कीर्तनात सहसा कोणी सांगत नाही. दुसऱ्याच्या घरातील आजारपणाला परस्पर ‘परीक्षा’ म्हणण्याचा अधिकार त्यातून कोणाला मिळत नाही. देव परीक्षा घेतो की नाही, हे मी तुम्हाला सांगू शकणार नाही. एवढे मात्र सांगू शकतो की परीक्षेला बसल्यासारखे जगू लागले की माणूस सारखा निकालाकडे डोळे लावून बसतो, आणि यजमानांचा हात आज अर्धा इंच अधिक उचलला गेला हे त्याच्या नजरेतून निसटते.

आता दिव्यापाशी बोललेल्या शब्दांविषयी. गीतेच्या सातव्या अध्यायात भगवंतांनी आपले चार प्रकारचे भक्त सांगितले आहेत: आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी आणि ज्ञानी. या यादीत आर्त, म्हणजे दुःखाने गांजून हाक मारणारा, पहिला आहे. ज्ञानी भक्त अधिक प्रिय असे पुढे म्हटले आहे खरे, पण त्याच ओघात ‘हे सर्वच उदार आहेत’ असेही स्पष्ट म्हटले आहे. कोणालाही दारातून परत पाठवलेले नाही. जनाबाईंनी पंढरीच्या विठ्ठलाला ‘विठ्या’ म्हटले, त्याला शिव्या घातल्या, आणि त्या शिव्या महाराष्ट्राने अभंग म्हणून जपल्या. आपल्या कोकणात तर देवळात उभे राहून घरादाराची अडचण देवापुढे मोठ्या आवाजात मांडण्याची रीतच आहे. गाऱ्हाणे घालणारा मानकरी पुटपुटत नाही, तो देवाला जाब विचारल्यासारखा बोलतो आणि मागे उभी असलेली मंडळी ‘होय महाराजा’ म्हणून त्याला साथ देतात. तुम्ही दिव्यापाशी एकटीने जे केले, ते गाव चारचौघांत करीत आला आहे. तुमच्या मागे ‘होय महाराजा’ म्हणणारे कोणी नव्हते, एवढाच काय तो फरक. टोचणी लागली असेल तर उद्या दिवा लावताना तेही सांगून टाका की, ‘काल फार बोलले, पण जे बोलले ते खोटे नव्हते.’

मुख्य प्रश्न धीर किती धरायचा हा आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. ‘किती’ म्हटले की मुदत आली आणि मुदत आली की हिशेब आला: एका बाजूला इतके सोमवार, इतक्या संकष्ट्या, आणि दुसऱ्या बाजूला त्यांचे न मिळालेले फळ. असा हिशेब मांडण्यात पाप नाही, पण तो कधी जुळत नाही आणि न जुळलेला हिशेब माणसाला रात्री झोपू देत नाही. तुकोबांनी आपल्या आयुष्याची हकीकत एका अभंगात स्वतःच सांगून ठेवली आहे. १६३०च्या सुमारास महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. त्याविषयी ते लिहितात, ‘दुष्काळे आटिले द्रव्ये नेला मान । स्त्री एकी अन्न अन्न करिता मेली ॥’ धंदा तुटीत आला, चारचौघांत तोंड दाखवायची लाज वाटू लागली, हेही ते आडपडदा न ठेवता सांगतात. ही ओळ कधी घाईने वाचू नये. बायको ‘अन्न अन्न’ करीत गेली, असे लिहिणाऱ्या माणसाला दुःखाविषयी कोणी काही शिकवण्यासारखे उरत नाही.

आणि त्यानंतर काय घडले? देव प्रसन्न झाला, दुकान पुन्हा उभे राहिले, नुकसान भरून निघाले, असे त्या अभंगात कोठेही नाही. तेथे आहे ते असे की गावात देवाचे एक देऊळ होते, ते मोडकळीला आले होते, आणि ते नीट करावे असे तुकोबांच्या मनात आले. पुढे ते सांगतात की एकादशीला कीर्तन करू लागलो, पण ‘नव्हते अभ्यासी चित्त आधी’. चित्त तेथे नव्हते, तरी ते उभे राहिले. ज्याचे स्वतःचे घर कोसळले आहे, तो मोडलेल्या देवळाची डागडुजी करायला घेतो आणि मन लागत नसताना कीर्तनाला उभा राहतो, याला मी धीर म्हणतो. त्यात वाट पाहणे नव्हते असे नाही, पण हात बांधून बसणे नव्हते, आणि ‘आता तरी दे’ असा तगादाही नव्हता. अमुक एका दिवशी दुःख संपेल याची हमी त्यांना कोणी दिली नव्हती; तरीही आजचे काम देवासमोर करायचे, एवढे ते धरून राहिले.

म्हणून ‘श्रद्धा की सवय’ या तुमच्या शंकेने मी फारसा अस्वस्थ होत नाही. सवय ही श्रद्धेची सवत नव्हे. मन कोरडे पडते त्या दिवसांत श्रद्धा सवयीच्याच आधाराने तग धरते, आणि तुमचे हे दिवस तसे आहेत. तुम्ही देवावर रागावलात, तरी संध्याकाळी काडी ओढून दिवा लावायला गेलातच ना? आगरातही तेच केलेत. नव्या पोफळीला पाच-सात वर्षे तरी सुपारी धरत नाही, कोवळ्या खोडाला दुपारनंतरचे नैऋत्येचे ऊन भाजते म्हणून शेजारी केळ लावावी लागते, उन्हाळ्यात शिंपणे चुकवून चालत नाही, हे तुम्हाला मी सांगण्याची गरज नाही. एवढे सारे तुम्ही यजमानांचे आजारपण काढत, कर्जाचे हप्ते भरत आणि मनातून चिडलेल्या असताना केलेत. श्रद्धा उरली आहे का, असे विचारणाऱ्या बाईने आधी आपल्या आगरात एक फेरी मारून यावी.

नवसाची नथ हा प्रश्न सोपा आहे. देवी म्हणजे पतपेढी नव्हे की हप्ता थकला म्हणून जप्ती आणील. देवळात जा, गुरवांना सांगून गाऱ्हाणे घाला, आज ऐपत नाही हे देवीपुढे सरळ बोला, खणानारळाने ओटी भरा. नथ पुढे कधी झाली तर झाली. मात्र नवा नवस बोलू नका. सध्या तुमच्यावर आहेत तेवढी देणी पुरेशी आहेत.

बाकीचे थोडक्यात. यजमानांचा व्यायाम फिजिओथेरपिस्टने दाखवला असेल तसा नियमाने चालू ठेवा; सुधारणा फार सावकाश होते म्हणून मधेच सोडणारी कुटुंबे पुष्कळ असतात. मुलगा घरी आहे, तर उरलेल्या माडांवर मिरीचे वेल चढवणे, मोकळ्या जागेत केळी घेणे, सावलीत जायफळ लावणे, याविषयी त्याने दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठातील जाणकारांना भेटावे; पोफळी धरेपर्यंत हातात काही पैसा खेळता राहील. त्याच्या लग्नाविषयी या सदरात लिहिण्यासारखे फारसे नाही. तो प्रश्न कोकणात गावोगावी आहे आणि त्यात कुलदैवताचा काडीचाही संबंध नाही.

प्रश्न : आम्ही मालवण तालुक्यातील रापणकार, म्हणजे समुद्रात सोडलेले मोठे जाळे किनाऱ्यावरून दोरांनी ओढून मासळी धरणारे. आजोबांच्या काळी एका ओढीला किनारा चांदीने भरल्यासारखा दिसे, असे ऐकतो. आता दिवसभर दोर ओढून वाट्याला येते ते घरी कालवणापुरते. खोल समुद्रात मोठ्या नौका रात्री प्रखर दिवे लावून मासळी ओढून नेतात. गेली काही वर्षे आम्ही दर वर्षी ग्रामदेवतेला कौल लावतो. दर वेळी उजवा कौल मिळतो, म्हणजे देव हो म्हणतो, पण प्रत्यक्षात काही बदलत नाही. वडील म्हणतात, देवाने हो म्हटले आहे, आता गप्प राहून वाट बघायची. मोर्चे आणि तक्रारी म्हणजे देवावर अविश्वास. मी पंचवीस वर्षांचा आहे. मला हे पटत नाही, पण वडिलांना दुखवायचेही नाही.

उत्तर : तुमच्या वडिलांविषयी आधी एक शब्द बोलतो. अनेक वर्षे रिकामे जाळे ओढूनही ज्यांचा देवावरचा विश्वास ढळला नाही, त्यांच्या श्रद्धेपुढे वाद घालण्याआधी नमस्कार करावा. तो करून झाल्यावर असे म्हणता येईल की, त्यांच्या श्रद्धेत खोट नाही, पण कौलाचा त्यांनी लावलेला अर्थ तपासून पाहायला हवा.

पाषाणाला लावलेल्या कळ्यांपैकी उजवीकडची आधी पडली, तर देवाने अनुमती दिली असे आपण मानतो. अनुमती कशाला? तुम्ही जे विचारले असेल त्याला. ‘आमचे दिवस पालटतील का?’ असे विचारले असेल आणि उजवा कौल आला असेल, तर ते पालटण्यासाठी माणसांनी काय करू नये, हे त्यात कोठे सांगितले आहे? देवाचा होकार हा घरी बसण्याचा परवाना आहे, असा अर्थ कौलातून निघत नाही. आणखी एक गोष्ट, थोडी परखड वाटली तरी बोलतो: उजवा कौल मिळाल्यावर त्याच प्रश्नासाठी दर वर्षी पुन्हा कौल लावणे, यात धीर कमी आणि घाई अधिक आहे. एकदा उत्तर मिळाले आहे, तर त्यावर भरवसा ठेवून पुढच्या कामाला लागणे हे वडिलांच्याच श्रद्धेशी अधिक सुसंगत आहे. हे त्यांना या शब्दांत सांगून पाहा. कदाचित ते ऐकतील, कारण यात त्यांच्या देवाला कोठेही खाली पाहावे लागत नाही.

प्रखर दिव्यांच्या मासेमारीबाबत तर तुमची बाजू कायद्याची आहे. एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासेमारी करण्यावर केंद्र सरकारने २०१७ मध्ये बंदी घातली. महाराष्ट्राचा सागरी मासेमारी नियमन कायदा १९८१चा आहे, त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन दंड वाढवण्यात आले. कायदा असून पाळला जात नसेल, तर त्याची लेखी तक्रार करणे, तारीख, वेळ आणि दिसलेल्या नौकांची नोंद ठेवणे, आपल्या मच्छीमार संस्थेमार्फत पाठपुरावा करणे, यात अविश्वास कोठे आला? अन्याय सहन करणे आणि देवाने दिलेले दुःख सोसणे या दोन गोष्टींची आपल्याकडे फार गल्लत होते, आणि ती गल्लत अन्याय करणाऱ्यांना सोयीची पडते. समुद्र खवळला तर किनाऱ्यावर थांबावे लागते, तेथे कोणाकडे तक्रार करता येत नाही. माणसाने नियम मोडून तुमच्या वाट्याची मासळी नेली, तर ते खवळलेल्या समुद्रासारखे निमूटपणे सोसायचे कारण नाही.

हा भेद वडिलांना मुळात ठाऊक असणार. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिकी नौकांना मासेमारीची बंदी असते, होड्या झावळ्यांनी शाकारून ठेवतात, आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ दिल्यावर पुन्हा कामाचे दिवस सुरू होतात. त्या पावसाळी दिवसांत कोळी हातावर हात ठेवून बसलेला असतो का? जाळ्यांची भोके तुणली जातात, दोर तपासले जातात, होडीच्या फळ्यांच्या फटी बुजवल्या जातात. तुमच्या वडिलांनी ही कामे आयुष्यभर केली, आणि त्यांपैकी कोणतेही काम त्यांना देवावरचा अविश्वास वाटले नाही. तक्रारअर्ज हे त्याच रांगेतले आणखी एक काम आहे. ते तुम्ही करा आणि देवळातील गाऱ्हाणे वडील घालोत. दोघांनी एकमेकांचे काम बंद पाडू नये.

एक धोका तुमच्याही बाजूला आहे, तो सांगायला हवा. लढा लांबतो. अधिकारी बदलतात, सुनावणी पुढे जाते, आपल्यातलाच एखादा पलीकडच्या गटाला मिळतो. अशा वेळी ज्याच्यापाशी धीर नाही तो आधी संतापतो आणि मग सारे सोडून मुंबईची गाडी पकडतो. वडिलांकडून जर काही उसने घ्यायचे असेल तर ते हे: निकाल लांबला म्हणून ओढ अर्धी सोडायची नाही. मुंबईला जाण्यात कमीपणा आहे असे मी म्हणत नाही, घरखर्चासाठी जावे लागले तर खुशाल जा. परंतु ते पाऊल चिडून नव्हे तर विचार करून टाका, आणि जाण्यापूर्वी तक्रारींच्या नोंदींची वही गावातील कोणाच्या तरी हवाली करा.

प्रश्न : मी राजापूर तालुक्यात राहतो. एसटीतून वाहक म्हणून निवृत्त झालो. माझी आई नव्वदीच्या पुढे आहे. खुब्याचे हाड मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली आहे आणि आता कित्येकदा मला ओळखतही नाही. तिचे सारे मी आणि पत्नी करतो. हल्ली पहाटे देवापुढे उभा राहिलो की तोंडून एकच निघते, ‘देवा, हिला सोडव.’ मग भीती वाटते की मी आईचे मरण मागतो आहे. हे पाप आहे का? देवाच्या मनात असेल तोपर्यंत सोसायचे, हाच धीर ना? भाऊ मुंबईला असतात, दर वर्षी गणपतीला येतात.

उत्तर : पाप नाही. तुम्ही तिला सोडवत नाही आहात, तिला सोडवण्याची विनंती करीत आहात, आणि ती मान्य करायची की नाही हे ज्याच्याकडे केली त्याच्यावर सोपवून पुन्हा तिची कूस बदलायला जात आहात. ज्याला खरोखर आईचे मरण हवे असते, त्याला पहाटे उठून देवापुढे उभे राहण्याची गरज पडत नाही. तो दुर्लक्ष करतो. तुमच्या मागण्यात थकवा आहे, माया आहे, आणि थोडी स्वतःच्या सुटकेची इच्छाही आहे. ती तिसरी गोष्ट असल्याची तुम्हाला लाज वाटते, असे पत्रावरून दिसते. देवाला ती तुमच्या आधीपासून ठाऊक असेल, तेव्हा तिच्यासाठी वेगळी माफी मागण्याचे कारण नाही.

मात्र ‘सोसायचे हाच धीर’ हे तुमचे वाक्य मला निम्मेच मान्य आहे. टाळता येणारे दुःख सोसत बसणे देवाला आवडते, असा आपल्या समाजाचा एक समज आहे आणि त्याने घरोघरी सेवा करणाऱ्या माणसांचे, विशेषतः सुनांचे, फार हाल केले आहेत. आईला वेदना होत असतील, तर ‘वयाचे आहे’ म्हणून गप्प न बसता डॉक्टरांना वेदना कमी करणाऱ्या औषधांविषयी स्पष्ट विचारा. पाठीला आणि कमरेला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी असे सांगतात. ते दोन माणसांना दिवसरात्र, महिनोन्‌महिने जमण्यासारखे नाही. हवेची गादी मिळाली तर घ्या, पुष्कळ ठिकाणी ती भाड्यानेही मिळते. आणि पत्नीला एकदा शांतपणे विचारा की तिला काय वाटते. पत्रात ‘मी आणि पत्नी’ असे एकदाच आले आहे, पुढे सगळीकडे ‘मी’ आहे. आईचे अंग पुसण्यापासून कपडे बदलण्यापर्यंतचा बराच भार तिच्यावर असणार, आणि ती पहाटे देवाकडे काय मागते हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल.

आई ओळखत नाही, तरी तिच्याशी बोलत राहा. पूर्वी ती म्हणत असेल ती ओवी, तो हरिपाठ, तिच्या कानाशी म्हणा. तिला समजते की नाही याचा विचार करू नका.

मुंबईला तुमचे भाऊ असतात आणि दर वर्षी गणपतीला येतात, असे आपण पत्राच्या शेवटी लिहिले आहे. यंदा त्यांना आधीच फोन करून कळवा की पाच दिवसांऐवजी पंधरा दिवसांची रजा काढून या, आणि आल्यावर आईच्या रात्रीच्या दोन्ही पाळ्या त्यांच्याकडे द्या. ‘आम्हाला ते जमणार नाही’ असे म्हणाले, तर तीन-चार रात्री तुम्ही शेजारी उभे राहून शिकवा. तुम्हाला तरी कोणी शिकवले होते? त्या पंधरा दिवसांत तुम्ही आणि पत्नीने दुसऱ्या खोलीत दार लावून झोपावे, आणि सकाळच्या आरतीला उशीर झाला तरी कोणी उठवू नये, असे भावाला बजावून ठेवावे.